विचार करून सांगतो

शहापूर,
१४ जुलै २०१९

रत्नमाला वहिनींना जागेश्वरचा जयभीम.

लॅपटॉप मिळाला. तुमच्या बाबांनी तो तुमसरहून येणाऱ्या एसटीत कंडक्टरजवळ दिला होता. मी भंडाऱ्याच्या बसस्थानकावर तासभर आधीच जाऊन उभा होतो. टॉवेलात गुंडाळलेला होता, वरून खताच्या पोत्याचं प्लास्टिक. काही मोडलेलं नाही. चार्जरची वायर एका ठिकाणी उकलली आहे, ती मी नीट करतो.

सोबतची चिठ्ठीही वाचली. "भाऊजी, हा लॅपटॉप सुरू व्हायले लागते तेवढ्यात माहा भात शिजून होते" हे वाचून मी दुकानात एकटाच हसलो. तुम्ही बोलता तसंच लिहिता. मला ते जमत नाही. बारावीत इंग्रजीत दोनदा नापास झाल्यापासून लिहिताना चुकेल अशी भीती बसली आहे. शब्दकोश शेजारी असल्याशिवाय मी साधं पत्रही लिहीत नाही.

तुमच्या नाकाडोंगरीच्या घरात रेंज येत नाही आणि अंगणात उभं राहून बोललं तर सगळं घर ऐकतं, म्हणून पत्रच टाका असं तुम्ही लिहिलंत. मला तेच बरं. फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

तुमचं काम मी नीट समजून घेतलं आहे. ग्रामपंचायतीत संगणक चालवणारी व्यक्ती हवी आहे. २२ सप्टेंबरला तुमसरला टायपिंगची परीक्षा आहे. मराठी, मिनिटाला तीस शब्द. तुमच्या बाबांनी तोपर्यंतची मुदत दिली आहे. नोकरी लागली तर ते तुमच्यासाठी स्थळ पाहणार नाहीत. नाही लागली तर ते म्हणतील तिथे तुम्ही लग्नाला उभं राहायचं. तुम्ही त्यांना तसा शब्द दिला आहे. म्हणजे घरी सराव करायला हा लॅपटॉप चालला पाहिजे, आणि लवकर चालला पाहिजे. माझ्या हातात दहा आठवडे आहेत. पुष्कळ झाले.

आधी दादाचे सगळे फोटो काढून दोन पेनड्राइव्हवर ठेवले. दादा गेल्याला आठ महिने झाले, पण त्यातल्या एका फोटोत तो मोटारसायकल धुतो आहे, तो बघवला नाही. दादाने हा लॅपटॉप नागपुरात जुनाच घेतला होता. मेमरी एक जीबी. आजचं विंडोज त्याच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं आहे. त्यामुळे ते काढून लिनक्स टाकायचं ठरवलं. ते फुकट मिळतं आणि त्याचे शेकडो प्रकार असतात. प्रत्येक प्रकाराला डिस्ट्रो म्हणतात. काही जड, काही हलके. अशा जुन्या यंत्राला हलका लागतो. कोणता, ते शोधायचं आहे. त्यासाठी मी एक वेगळी वही केली आहे.

त्या बैठकीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. मीही लिहीत नाही.

आई बरी आहे. तुमच्या हाताच्या चटणीची आठवण काढते.

जागेश्वर

शहापूर,
२८ जुलै २०१९

वहिनी, जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. "झाला का?" एवढंच लिहिलं होतं. अजून झाला नाही, पण काम थांबलेलं नाही.

पहिला पपी नावाचा टाकून पाहिला. इतका हलका की पेनड्राइव्हवरूनच चालतो. पण मराठी लिहायला गेलो तर अक्षरांच्या जागी चौकोन. मराठीचा फॉन्ट वेगळा टाकावा लागला, तो टाकला. मग वेलांटी अक्षराच्या अंगावर चढू लागली. दोष त्याचा की माझा, ते कळलं नाही. मग लुबुंटू टाकला. दिसायला छान आहे, तुम्हाला विंडोजची सवय असल्यामुळे सोपाही गेला असता. पण ब्राउझर उघडला की यंत्र धापा टाकतं. वहीत दोघांपुढे कारणं लिहून ठेवली.

आई काल म्हणाली, "काय रे, त्या डब्ब्यावर अंडे उबवून राहिला का? पोरीले देऊन टाक ना बाप्पा, जसा हाय तसा."

मी म्हटलं, "नीट करून देतो ना आई."

"तुह्य नीट करनं मले मालूम हाय," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तुम्हालाही कळेल. मी लिहिणार नाही म्हटलं होतं, पण दोन आठवडे तेच डोक्यात आहे, म्हणून लिहितो.

२ जूनला जनाबाई आत्या, तुमचे बाबा आणि विहारातले चार जाणते आपल्या घरी बसले होते. आत्याने सरळ विचारलं, "जागू, विनोद तं गेला. सून चांगली हाय, वयानं तुह्याच बरोबरीची. तुह्या मनात काय हाय, सांग." आणि मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

आपल्याकडे बैठकीत असं म्हणणं म्हणजे नकार. तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, विचार करून सांगतो म्हणतात आणि पुढचे उठून जातात. हे मला माहीत होतं. लहानपणापासून किती बैठकींत पाहिलं आहे. पण त्या वेळी ते लक्षातच आलं नाही. मला खरोखरच विचार करायचा होता, म्हणून तसं म्हटलं. तुमचे बाबा चपला घालायला लागले तेव्हा कुठे लक्षात आलं, आणि तोवर आत्या डोक्याला हात लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या बसने तुम्ही गेलात.

विचार कसला करायचा होता ते आज लिहीत नाही. आधी लॅपटॉप.

जागेश्वर

शहापूर,
११ ऑगस्ट २०१९

वहिनी, जयभीम.

तुमच्या पत्रात त्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. फक्त "भाऊजी, परीक्षेचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट हाय, ध्यानात ठेवा" आणि खाली "पाऊस लई हाय". ठीक आहे. इनस्क्रिप्ट, म्हणजे सरकारी परीक्षेतली कळांची मांडणी, ध्यानात आहे.

वहीत आता सात नावं झाली. दोन न टाकताच बाद केले, कारण त्यांना चौसष्ट बिटचं यंत्र लागतं आणि आपलं बत्तीसचं आहे. हे मला आधी माहीत नव्हतं. एका रात्रीचं डाउनलोड वाया गेलं.

मी ज्यांच्या दुकानात काम करतो ते गोलूभाऊ दिवसभर माझी खेचतात. काल फॉर्म भरायला गिऱ्हाईकं रांगेत उभी होती आणि माझ्यापुढे वही. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अबे जाग्या, लिनक्स पसंत करून राहिला का पोरगी? पोरगी पाहायलेबी लोक एवढा टाइम नाई लावत."

सगळे हसले. मीही हसलो. मग मागच्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसलो.

अँटीएक्स नावाचा एक चांगला दिसतो आहे. नाव विचित्र आहे पण जुन्या यंत्रांसाठीच केलेला आहे. पुढच्या रविवारी टाकतो.

जागेश्वर

शहापूर,
२५ ऑगस्ट २०१९

वहिनी, जयभीम.

बातमी चांगली आहे. अँटीएक्स टाकला आणि लॅपटॉप चाळीस सेकंदांत उठला. मी तीनदा बंद करून तीनदा चालू केला. मराठी आली. इनस्क्रिप्ट आला. ब्राउझर दोन पानं उघडी ठेवून नीट चालला. गोलूभाऊ म्हणाले, "बस, झालं. उद्या सकाळच्या एसटीत टाक."

मग मी एक पानभर मजकूर टाइप करून पाहिला. "दुसऱ्या" मधला र नीट जुळत नव्हता. सुटा पडत होता. "वाऱ्यावर", "कोऱ्या", सगळीकडे तेच.

गोलूभाऊंना दाखवलं तर ते चिडलेच. "अबे, तिले परीक्षा द्याची हाय का पुस्तक छापाचं हाय? बोटं बसले पाहिजेत तिचे. र कायले पायतं तू?"

मी म्हटलं, "चुकीचं पाहून पाहून चुकीची सवय लागेल."

"तुले लागली हाय सवय. तिचं नको सांगू."

वहिनी, मी तो पुसून टाकला. आता डेबियन टाकतो आहे. त्यात मराठीची जोडाक्षरं चांगली येतात असं एका ठिकाणी वाचलं. अजून चार आठवडे आहेत. पंधरा दिवसांचा सरावसुद्धा तुम्हाला पुरेल, तुमचा हात चलाख आहे. पाच सप्टेंबरपर्यंत नक्की पाठवतो.

पोळ्याला आईने तुमच्यासाठी करंज्या बाजूला काढून ठेवायच्या म्हटलं आहे. लॅपटॉपसोबतच पाठवीन.

जागेश्वर

शहापूर,
१५ सप्टेंबर २०१९

वहिनी,

पाच तारखेला पाठवला नाही. तुमची दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं वाचल्यापासून जेवण जात नाही. तुम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने कीबोर्ड काढला आहे आणि त्या कागदावर बोटं मारून सराव करता. "कागदावर चूक होत नाई भाऊजी, तेवढं बरं हाय" असं लिहिलंत. माझ्यावर रागावला असतात तर बरं झालं असतं.

डेबियन टाकला. सगळी अक्षरं नीट आली. वायफाय बंद पडलं. ते सुरू करण्यात नऊ दिवस गेले. आता सगळं चालतं. बुधवारी, १८ तारखेला, मी स्वतः नाकाडोंगरीला घेऊन येतो. तीन दिवस तरी हाताला खरा कीबोर्ड मिळेल.

नक्की येतो.

जागेश्वर

शहापूर,
२९ सप्टेंबर २०१९

रत्नमाला वहिनी,

तुमचं कार्ड परवा मिळालं. "बावीस शब्द झाले. तीस पाहिजे होते." खाली सहीसुद्धा नाही.

बुधवारी मी का आलो नाही ते आधी सांगतो. मी निघालो होतो. पिशवीत लॅपटॉप आणि करंज्या घेऊन भंडाऱ्याच्या बसस्थानकावर तुमसरच्या बसची वाट पाहत होतो. बसायला जागा मिळाली म्हणून एकदा चालू करून पाहावा असं वाटलं. चालू केला आणि पडदा काळा होऊन तो थांबला. बंद करून पुन्हा केला तर नीट सुरू झाला. एकदाच अडकला, वहिनी. एकदाच. पण मला वाटलं, तुमच्या हातात गेल्यावर अडकला तर? बस लागली, माणसं चढली, कंडक्टरने मला विचारलंसुद्धा, "येता का नाई भाऊ?" मी म्हटलं, पुढच्या बसने येतो. आणि शहापूरला परत आलो. करंज्या दुकानात वाटून टाकल्या.

आता खरं लिहितो. हे पत्र मी एकदाच लिहिणार आहे आणि शब्दकोश उघडणार नाही.

लॅपटॉप २५ ऑगस्टलाच तयार होता. र जुळत नव्हता हे खरं, पण त्यासाठी मी तो पुसला नाही. लॅपटॉप पाठवला की तुमची कार्डं बंद होतील म्हणून पुसला. दर आठवड्याला पोस्टमन येतो, "झाला का?" एवढंच लिहिलेलं असतं, आणि मी ते शर्टाच्या खिशात ठेवून दिवसभर काम करतो. तेवढ्यासाठी मी तुमच्या परीक्षेचे दिवस खाल्ले. असं करतो आहे हे मला कळत होतं आणि कळत नव्हतं. वहीत कारणं लिहीत गेलो की कळणं मागे पडायचं.

आणि बैठकीतलं. मला विचार हा करायचा होता की तुम्हाला कुणी विचारलं का. आत्याने मला विचारलं, तुमच्या बाबांना विचारलं. तुम्ही आतल्या खोलीत होतात. तुम्ही दादाच्या होतात, तीन वर्षं त्याच्या ताटात वाढलंत. मी हो म्हटलं असतं आणि तुम्हाला ते नको असतं, तर तुम्ही कुणाला सांगितलं असतंत? म्हणून आधी तुम्हाला विचारावं, मग बैठकीत सांगावं असं मनात होतं. एवढं सगळं सांगायचं सोडून मी तीन शब्द बोललो.

मग चार महिने विचारलं नाही. कारण विचारलं की उत्तर येतं.

माझं उत्तर हो आहे. त्या दिवशीही होतं. दादा असताना माझ्या मनात तसलं काही नव्हतं, हे मी त्याच्या फोटोपुढे उभं राहून लिहितो. तो गेल्यावर, तुम्ही रात्री आईचे पाय चेपताना तिला हसवायचात, स्वतः रडायचात तेव्हा मोरीचा नळ सोडायचात, तेव्हापासून आहे.

आता तुम्हाला विचारतो. तुमच्या मनात काय आहे? नाही असेल तर नाही लिहा. मी मंगळवारी, ८ तारखेला, लॅपटॉप घेऊन येतो. काळा झाला तरी येतो.

जागेश्वर

शहापूर,
१३ ऑक्टोबर २०१९

वहिनी,

मंगळवारी माझ्या तोंडून एका प्रश्नापलीकडे काही निघालं नाही, तुम्हाला दिसलंच. म्हणून हे शेवटचं पत्र लिहितो. उत्तर देऊ नका.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तुम्ही जसं बोललात तसंच सांगितलं, एक शब्द इकडे तिकडे केला नाही. तिने विचारलं म्हणून पुन्हा सांगितलं. इथेही लिहितो, कारण मी बरोबर ऐकलं हे तुम्हाला कळलं पाहिजे.

तुमचे बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी पाणी दिलं आणि "येतो मी, बोला तुमी" म्हणून विहिरीकडे निघून गेले. मोठा माणूस. तुम्ही दारात उभ्या होतात. मी लॅपटॉप पुढे केला. तुम्ही घेतला, उघडला नाही.

"पत्र भेटलं," तुम्ही म्हणालात. "तीनदा वाचलं."

मी रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिलो.

"बैठकीच्या दिवशी मी आत चहा मांडला होता भाऊजी. तुमी हो म्हटलं का साखर घालून बाहेर आणाचं, असं आत्यानं सांगून ठेवलं होतं. तुमचा शब्द ऐकला आन् मी गॅस बंद केला."

मग म्हणालात, "हे पत्र परीक्षेच्या आधी आलं असतं ना, तं मी बाबाले वाचून दाखवलं असतं. घ्या, ऐका, तुमचा जावई काय म्हनते. आता दाखवलं तं बाबा काय म्हनन? नापास झाली म्हून पोरगी बहाना करून राहिली. मी शब्द दिला होता. नोकरी लागली तं माही मर्जी, नाई लागली तं तुमची. तुमीनं विचार केला, मीनं शब्द देल्ला."

मी विचारलं, "पण तुमच्या मनात?"

तुम्ही हसलात. पहिल्यांदा त्या दिवशी. "चार महिने झाले भाऊजी, माह्या मनात काय हाय ते पाहाले तुमी एकदाबी बस नाई धरली. आन् आता तुमाले मनातलं पाहिजे."

आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "कटंगीचे पाहुणे येऊन गेले. रविवारी साक्षगंध हाय. मानूस बरा हाय. त्याचीबी बायको वारली. कमी बोलते."

आज तो साखरपुड्याचा रविवार. आत्ता दुपारचे दोन वाजले आहेत. आई सकाळपासून जेवली नाही. मला म्हणाली, "मी तुह्याशी बोलत नाई." आणि मग दर दहा मिनिटांनी बोलते आहे. जनाबाई आत्या येऊन गेली. तिने फक्त माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गेली, तो हात सहन झाला नाही.

तुमच्यावर माझा काही राग नाही. तुमच्या बाबांवर नाही. त्या माणसावरही नाही. त्याने विचारल्याबरोबर हो म्हटलं असेल.

दुकानातली वही मी गोलूभाऊंना दिली. त्यांनी चाळली. बारा नावं, प्रत्येकापुढे कारणं. वही मिटून ते म्हणाले, "अबे, यातला कोनताबी चालला असता ना?" मी म्हटलं, "हो. कोणताही."

लॅपटॉपबद्दल थोडं. बटण दाबल्यावर पाऊण मिनिट थांबा. कधी काळा झाला तर घाबरू नका, बंद करून पुन्हा चालू करा, उठतो. डाव्या कोपऱ्यात खाली क्लिक केलं की मराठी लिहायचं पान उघडतं. दादाचे फोटो मी त्यात ठेवलेले नाहीत. नव्या घरी कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. दोन्ही पेनड्राइव्ह आईच्या पेटीत आहेत. कधी पाहावेसे वाटले तर तिला सांगा, ती देईल. मध्ये मी असणार नाही.

जानेवारीत ग्रामपंचायतींच्या जागा पुन्हा निघणार असं आमच्याकडे फॉर्म भरायला आलेल्या एका बाईने सांगितलं. खरं-खोटं माहीत नाही. पण बावीसपासून तीस काही लांब नाही. कटंगीलाही टायपिंग येणाऱ्या माणसाला काम असेलच. सराव सोडू नका. तो माणूस कमी बोलतो म्हणालात. एकदा त्याला सांगून पाहा, तुम्हाला काय करायचं आहे ते. तो विचार करून सांगतो म्हणाला तर मात्र उठून जाऊ नका. त्याला विचारा, कधीपर्यंत.

लग्नाला आई येईल. मी दुकान सांभाळीन.

एक राहिलं. लॅपटॉप चालू झाल्यावर पासवर्ड मागतो. आता आहे तो मी ठेवलेला आहे, सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे. एकदा आत गेलात की बदलून टाका. तुम्हाला आठवेल असा ठेवा, कुठे लिहून ठेवू नका, आणि कोणता ठेवला ते मला कळवू नका.

जागेश्वर